फोनमधली सोय आधी शेतकऱ्याच्या कामी यावी



आज पिकावर लिहीत नाही, खिशातल्या फोनवर लिहितोय. पण गोष्ट शेवटी उसाच्या तोडीवर आणि सातबाऱ्यावरच येऊन थांबते, म्हणून सवडीनं वाचा.

शेतीचं निम्मं काम आता ॲपवर गेलंय. पीक पाहणी ॲपवर, ऊस नोंद ॲपवर, पीएम किसानची केवायसी ॲपवर, हवामान ॲपवर. खत आणि औषध कंपन्यांची ॲप वेगळीच. कुठलंही उघडा, आधी मागणी सुरू. कॅमेरा द्या, लोकेशन द्या, फोनबुक द्या, मेसेज वाचू द्या. आपण घाईत 'अलाऊ' दाबतो आणि म्होरं जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे. फोनमधली कुठलीही सोय ॲपमध्ये घालताना त्यातून शेतकऱ्याच्या हातात काय पडणार, हे आधी ठरलं पाहिजे. तोच कॅमेरा, तेच जीपीएस. ते मला पुरावा देऊ शकतं, नाहीतर नुसतं माझ्यावर पाळत ठेवू शकतं. यातलं काय होणार हे फोन ठरवत नाही. ॲप लिहिणारा आणि लिहून घेणारा ठरवतो.

ॲप फोनकडून काम कसं करून घेतं

माझा एक पुतण्या पुण्यात ॲप लिहायचं काम करतो. दिवाळीला आला तेव्हा मी त्याला विचारलं, "अरे, ॲपमध्ये कॅमेरा घालायचा म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?"

तो म्हणाला, "काका, कॅमेरा आम्ही बनवत नाही. तो फोनचाच असतो. ॲप नुसता निरोप धाडतं, की फोटो काढ आणि मला आणून दे. फोन करायचा असला तरी तसंच. आम्ही नंबर टाकून डायल करायची खिडकी उघडून देतो, हिरवं बटण तुम्ही दाबायचं. त्याला तर परवानगीसुद्धा लागत नाही."

हे मला नवीन होतं. म्हणजे ॲपमध्ये 'तुमच्या फिल्डमनला फोन लावा' असं बटण द्यायला फार मोठा खर्च नाही, काही ओळींचं काम आहे. तरी ते बऱ्याच ॲपमध्ये सापडत नाही. तक्रार करायची तर कुठल्या तरी कोपऱ्यात ईमेलचा पत्ता असतो. आपल्यातल्या किती जणांनी आयुष्यात तक्रारीचा ईमेल लिहिलाय?

परवानगीचंही त्यानं नीट सांगितलं. २०१५ ला अँड्रॉइडची ६ नंबरची आवृत्ती आली. त्याच्या आधी ॲप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागायच्या. त्या आवृत्तीपासून ज्या त्या वेळी विचारायची पद्धत आली. २०१९ ला अँड्रॉइड १० मध्ये 'ॲप वापरताना फक्त' असा पर्याय आला. पुढच्या साली ११ मध्ये 'फक्त या वेळी' असा आला. १२ मध्ये तर लोकेशन नेमकं द्यायचं का अंदाजे, हेही आपल्याला ठरवता येतं. हवामानाच्या ॲपला अंदाजे जागा पुष्कळ झाली, त्याला माझ्या गोठ्याची नेमकी जागा कशाला पाहिजे? पीक पाहणीला मात्र नेमकीच द्यावी लागते.

म्हणजे चाव्या आपल्या हातात आहेत. त्या कुठल्या कुलपाच्या, हे कुणी सांगितलेलं नाही एवढंच.

३३ फुटांची पट्टी आणि ५ मीटरची चूक

आता जीपीएसचं बघू. बऱ्याच जणांना वाटतं रेंज नसली की जीपीएस चालत नाही. तसं नाही. जीपीएस उपग्रहाकडून येतं, फोन ते नुसतं ऐकतो. गगनबावड्याच्या डोंगरात मोबाईलची एक काडी नसली तरी वर आभाळ मोकळं असेल तर जागा मिळते. रेंज नसेल तर पहिल्यांदा जागा धरायला जरा जास्त वेळ लागतो, तेवढा धीर धरायचा.

पण ही जागा किती नेमकी? मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक साधारण ५ मीटरपर्यंत असते. झाडाखाली, इमारतीजवळ वाढते. उभ्या उसात डोक्यावर पाचट आणि वाढं असताना तर भरवसा आणखी कमी.

आता आपला हिशोब मांडा. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. वाटण्या होऊन होऊन आपल्याकडं लांबट पट्ट्या राहिल्यात. समजा ३३ फूट रुंद आणि ३३० फूट लांब अशी १० गुंठ्यांची पट्टी आहे. रुंदी झाली १० मीटर. मी बरोबर मधल्या सरीत उभा राहिलो तरी दोन्हीकडचा बांध ५ मीटरवर. म्हणजे फोननं नेहमीची चूक केली की माझं टिंब बांधावर, आणि थोडी जास्त केली की थेट भावकीच्या रानात.

पुतण्या म्हणाला, "काका, फोनला स्वतःची चूक माहीत असते. जागा देताना तो सोबत आकडा पण देतो, की मी एवढ्या मीटरच्या गोलात आहे. त्यातसुद्धा शंभरातल्या ६८ वेळाच तुम्ही त्या गोलात असता."

मी म्हटलं, "मग तो आकडा आम्हाला का दाखवत नाही?"

तो हसला. म्हणाला, "कुणी मागितला नाही."

मंडळी, माझी पहिली मागणी हीच आहे. शेताची जागा घेणाऱ्या प्रत्येक ॲपनं फोटो काढायच्या आधी पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवावं, 'सध्या चूक १२ मीटर, मोकळ्यात या, थांबा'. चूक ५ मीटरच्या आत आली की मगच बटण हिरवं व्हावं. आकडा फोनकडं आधीच आहे, नुसता दाखवायचाय.

हे का सांगतोय तर माझ्या एका १८ गुंठ्यांच्या तुकड्याची ऊस नोंद एका साली रस्त्यावर उभं राहून झाली. नोंदवणाऱ्याला चिखलात उतरायचं नव्हतं. नकाशात टिंब शेजारच्या गटात पडलं. मला कागद मिळाला नाही, मेसेज आला नाही. तोडीची पाळी आली तेव्हा कळलं की माझ्या नावावर तो तुकडा दिसतच नाही. महिनाभर हेलपाटे झाले. तोवर उसाला तुरा आलेला. तुरा आलेला ऊस रानात उभा राहिला की वजनात काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. नाव कुणाचं घेत नाही, कारण हे एका ठिकाणचं दुखणं नाही.

वारणेचा जुना धडा

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला कुठं एवढं तंत्र झेपतंय. त्यांना आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो.

१९९८ ला वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' म्हणून प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातली ७० गावं, कोल्हापूर आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतली. गावात संगणक केंद्र, त्यातून सहकारी साखर कारखान्याशी जोडणी. देशभर त्याचा गाजावाजा झाला होता. पण रोजच्या वापरात शेतकऱ्याला त्यातून लागायचं काय, तर उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं, अशी चार-दोन ओळींची माहिती. त्यासाठी संगणक, त्याची देखभाल, वीज, एवढा पसारा.

मग २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातली माणसं आली. त्यांनी लोक काय वापरतात ते आधी बघितलं आणि सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. साध्या फोनवरून मेसेज धाडायचा, कारखान्याच्या बाजूला संगणकाला जोडलेला एक फोन तो वाचणार आणि माहिती काढून उलट मेसेज करणार. बस्स. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही. जे संगणकावर होत होतं ते सगळं त्या मेसेजवर झालं. खर्च कमी आला, सोय जास्त झाली आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

म्हणजे आपल्या भागातल्या माणसानं फोन कधीच नाकारला नव्हता. फोनमधली सगळ्यात साधी सोय त्याच्या कामाला जोडली, तर त्यानं ती उचलली. आज हातात त्याच्या कैक पट ताकदीचा फोन आहे. तरी नोंद झाल्यावर पोचपावतीचा एक मेसेज मिळवायला भांडावं लागत असेल, तर आपण पुढं गेलो का मागं आलो?

जिथं सोय खरंच कामाला आली

सगळंच वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. महसूल आणि कृषी खातं, जोडीला टाटा ट्रस्ट. आधी रानात काय आहे ते तलाठी लिहायचा, आता शेतकरी स्वतः कॅमेऱ्यानं फोटो काढून गाव नमुना १२ ला पीक लावतो. हा मोठा बदल आहे. आपल्या पिकाची साक्ष आपण द्यायची, दुसऱ्याच्या लेखणीवर अवलंबून राहायचं नाही. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या माणसाला बाराच्या उताऱ्यावर पीक असण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

२०२३ च्या जूनमध्ये पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आली. ज्यांचे बोटांचे ठसे कामानं झिजलेत, मशीनवर अंगठा उमटत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांना तिचा फायदा झाला. कॅमेरा तोच, पण अडचण कुणाची आहे हे बघून वापरला.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जागा घेतं आणि आसपास वीज पडायची शक्यता असली की इशारा देतं. लोकेशन घेतलं आणि बदल्यात जीव वाचवायची माहिती दिली. असा व्यवहार मला मान्य आहे.

असाच एक व्यवहार आपल्या नदीकाठालाही पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आपल्याला पाठ आहे. पण माझी मोटार कुठल्या उंचीवर बसलीय, हे मलाच माहीत. ती उंची आणि जागा मी ॲपमध्ये एकदा भरली, आणि पाणी तिथवर यायच्या आधी रात्री फोन मोठ्यानं वाजला, तर मोटार काढायला वेळ मिळेल. पाणीपातळीचा आकडा रोज जाहीर होतो, मोठ्यानं वाजायची सोय फोनमध्ये आहे. दोन्हीची गाठ घालणारा कुणीतरी पाहिजे.

'फसवणूक थांबवायला हे लागतंच'

ॲपवाले एक गोष्ट सांगतात आणि ती खोटी नाही. जागेची आणि फोटोची अट नसली तर लोक घरात बसून नोंद करतील, सोयाबीनच्या रानात ऊस दाखवतील, पडीक रानावर अनुदान उचलतील. असं होतं, आपण डोळ्यानं बघतो. म्हणून अट सैल करा असं मी म्हणत नाही. रानात जाऊनच फोटो काढायचा, हे बरोबर आहे.

पण अट दोन्ही बाजूला सारखी पाहिजे. मी बांधावर होतो याचा पुरावा ॲप माझ्याकडून घेतंय, तर मी त्या दिवशी, त्या वेळी तिथं होतो आणि नोंद केली, याचा पुरावा मलाही मिळाला पाहिजे. उद्या सर्व्हर बसला, नोंद गायब झाली, तर "तुम्ही केलीच नाही" असं ऐकून घ्यायचं का? आणि फोटोला सगळं कळतं असंही धरू नका. आडसाली लावण आणि पूर्वहंगामी लावण यांच्यात दोन-तीन महिन्यांचं अंतर, पण ऊस उंच झाल्यावर फोटोत दोन्ही हिरवेच. को ८६०३२ आहे का २६५, हेही फोटो सांगत नाही. लावणीची तारीख शेतकऱ्याच्या तोंडूनच घ्यावी लागते, आणि तोडीची पाळी त्याच तारखेवर ठरते. म्हणून ती तारीख काय लिहिली गेली, हे मला त्याच दिवशी दिसलं पाहिजे.

आणखी एक. कामाला लागतं तेवढंच मागा. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ ला कर्ज देणाऱ्या ॲपना सांगितलं, की फोनबुक, कॉल लिस्ट, फोटोंच्या फायली यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माईक, लोकेशन लागलंच तर सुरुवातीच्या कामापुरतं एकदाच, तेही विचारून. पैसे देणाऱ्याला ही मर्यादा असेल तर औषधाचं प्रमाण सांगणाऱ्या ॲपला माझ्या पाव्हण्यारावळ्यांचे नंबर कशाला? माहिती कामापुरतीच मागावी, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही सांगतो.

माझ्या मागण्या

ॲप लिहिणाऱ्यांनी आणि लिहून घेणाऱ्यांनी एवढं करावं:

१) जागेची चूक मीटरमध्ये दाखवा. पडद्यावर गटाची हद्द आणि माझं टिंब दोन्ही दिसू द्या.

२) रेंज नसताना फोटो, वेळ आणि जागा फोनमध्ये साठवा. रेंज आली की आपोआप धाडा. ही सोय अँड्रॉइडमध्ये तयार आहे. शेवटच्या तारखेला रानात काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी पोचला तरी रानातली तारीख धरा.

३) नोंद झाली की साधा मेसेज. गट नंबर, क्षेत्र, पीक, तारीख, नोंद क्रमांक. मराठीत.

४) प्रत्येक पडद्यावर फोनचं बटण, आणि ते जबाबदार माणसालाच लागलं पाहिजे.

५) परवानगी मागताना एका ओळीत मराठीत कारण सांगा. नाही म्हटलं तर निदान बाकीचं ॲप चालू द्या.

६) बोलून भरायची सोय द्या. चिखलाच्या हातानं टाईप होत नाही आणि चष्मा घरी असतो.

७) ॲप बाहेर काढायच्या आधी पावसाळ्यात भुदरगडच्या एका डोंगरवाडीत आणि शिरोळच्या एका मळीच्या रानात चालवून बघा. फोन पाच वर्षांचा जुना घ्या, काच फुटलेला.

तोवर आपण काय करायचं

फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्या उघडा. ज्याला फोनबुकाची गरज नाही त्याचं काढून टाका. लोकेशनला 'ॲप वापरताना फक्त' ठेवा.

नोंद करताना शेवटच्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

नुकसानीचा फोटो काढताना कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू करा, म्हणजे फोटोच्या पोटात जागा आणि वेळ बसते. तो व्हॉट्सॲपवर साधा धाडला तर ही आतली माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून धाडला तर राहते. मूळ फोटो फोनमधून पुसू नका.

आणि शेवटचं, सगळ्यात कामाचं. आपले बहुतेक कारखाने सहकारी आहेत. म्हणजे कारखान्याचं ॲपही सभासदांच्या पैशातूनच होतं. सप्टेंबरात वार्षिक सभा लागते. त्यात दर, उपपदार्थ, साखर वाटप यावर बोलणं होतंच. यंदा एक ठराव याचाही मांडा: ऊस नोंद झाल्यावर सभासदाला त्याच दिवशी गट, क्षेत्र, लावण तारीख आणि नोंद क्रमांकाचा मेसेज गेला पाहिजे. वारणेच्या पट्ट्यात साध्या मेसेजवर कारखान्याची माहिती घरी येत होती, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यामुळं 'तांत्रिक अडचण आहे' हे उत्तर ऐकून खाली बसू नका. ठराव लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.